जीर्णोद्धाराच्या नावाने

'जीर्णोद्धार' या शब्दाइतकी विटंबना मराठीतल्या फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आली असेल. जे जीर्ण झाले आहे त्याला आधार देऊन पुन्हा उभे करणे, असा त्याचा सरळ अर्थ. प्रत्यक्षात कोकणातल्या एखाद्या गावात जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके फिरू लागली की समजावे, देवळाचे लाकडी खांब, कोरीव तुळया आणि उतरती कौले यांचे दिवस भरले. वर्षा-दोन वर्षांत तिथे सिमेंटचा कळस, पाय घसरावा अशी फरशी आणि देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक उभा राहतो. उद्धार होतो तो फलकावरच्या नावांचा. जीर्ण जे होते ते चुलीत गेलेले असते.

हे आठवायला निमित्त झाले ते मात्र देवळाचे नव्हे, स्पीकरचे. महाडजवळ सावित्रीच्या काठी वसलेले, गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे थोडेफार ठाऊक असलेले सव हे आमचे गाव. गेल्या गणपतीत महाडचा एक पुतण्या दोन खोकी घेऊन घरी आला. त्याच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे, १९७०च्या दशकातले स्पीकर. 'काका, रिस्टोअर केले. ओरिजिनलपेक्षा भारी वाजतात,' असे म्हणून त्याने मोबाइलवरून गाणे लावले. वाजले खरेच मोठ्याने. खोक्यांचा सागवानी पापुद्रा घासून त्यावर आरशासारखे पॉलिश चढवले होते. पुढची विणलेली जाळी जाऊन काळी लोखंडी जाळी आली होती. आत नवे वूफर, नवे ट्वीटर, आणि पाठीमागे भोक पाडून बसवलेला ब्लूटूथचा अ‍ॅम्प्लिफायर. मी विचारले, जुने स्पीकर कुठे आहेत? 'भंगारात दिले. मॅग्नेटचे वजन चांगले भरले.'

पोराने केले ते कष्टाने केले, स्वतःच्या हाताने केले, आणि आजोबांच्या प्रेमापोटी केले. त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. का नाही, ते पुढे येईलच. माझे भांडण आहे ते त्याने वापरलेल्या शब्दाशी. त्याच्या हाताखाली जे उरले ते एक लाकडी खोके होते. ज्याने आवाज काढला होता ते सारे वजनावर विकले गेले होते, आणि या व्यवहाराला तो, त्याचे मित्र, आणि जुन्या वस्तूंचा बाजार मांडून बसलेले शहरातले विक्रेते 'रिस्टोरेशन' म्हणत होते. नवे स्पीकर करायचे असतील तर जरूर करावेत. तो उत्तम छंद आहे. पण मग त्यांना नवे म्हणण्याचा प्रामाणिकपणा असावा. आजोबांचे नाव त्यावर कशाला?

आता कोणी म्हणेल, स्पीकर म्हणजे काय ज्ञानेश्वरीची पोथी आहे? यंत्र आहे ते. जुना भाग गेला, नवा घातला, वाजले म्हणजे झाले. हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे, म्हणून आधी त्या यंत्राकडेच पाहू.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची मांडणी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली, आणि शंभर वर्षांत तिच्या गाभ्यात फारसा बदल झालेला नाही. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे अधांतरी टांगलेले असते. त्यातून वीज खेळली की ते पुढेमागे होते आणि त्याला चिकटलेला कागदी कोन हवा ढकलतो. हे वेटोळे फटीच्या भिंतींना न शिवता मधोमध राहावे म्हणून त्याला दोन आधार असतात: मागे नालीदार कापडी चकती, जिला कारागीर स्पायडर म्हणतात, आणि पुढे कोनाच्या कडेची लवचीक कडी. ही कडी कधी कागदाचीच चुणीदार, कधी कापडाची, कधी रबराची, तर कधी फोमची. बस्स, एवढाच संसार. पण या संसारात कोणीही सुटा नसतो. कोनाचे वजन, कडीचा ताण, चुंबकाचा जोर आणि खोक्यात कोंडलेली हवा मिळून एक आवाज ठरतो. बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरता येते हे एडगर विल्चर याने १९५४ साली प्रत्यक्ष स्पीकर बनवून दाखवले. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल याने स्पीकर आणि खोके यांचे गणित एकत्र मांडले. तात्पर्य हे की खोके हे कपाट नव्हे. ते त्याच वूफरच्या मापाने शिवलेले असते. दुसऱ्या वूफरला ते तसेच बसेल, जसा एकाचा सदरा दुसऱ्याला बसतो: कधी योगायोगाने, बहुधा नाहीच.

पुतण्याच्या खोक्यांत नेमके हेच झाले होते. नवा वूफर अधिक महागाचा, अधिक 'वॅट'चा. पण त्याला हवे होते त्याच्या निम्म्यानेच खोके मिळालेले. परिणामी खालचा सूर गुबगुबीत होऊन एकाच ठिकाणी घुमत राहिला. तबल्याचा डग्गा आणि बास गिटार दोन्ही एकाच रांजणात बसून बोलल्यासारखे. ज्याला 'भारी' म्हटले जात होते ते हे.

माझा अधिकार का नाही, ते आता सांगतो.

१९७०च्या दशकापासून आमच्या भागातली पुष्कळ माणसे कुवेत, बहारीन, दुबईला नोकरीला गेली. सुट्टीवर येताना त्यांच्याबरोबर जपानी डेक, टेप आणि स्पीकर आले. कोकणातल्या कुडाच्या आणि चिऱ्याच्या घरांत उत्तम ध्वनियंत्रे पोहोचली ती मुंबईच्या दुकानांतून नव्हे, आखातातून आली, याची नोंद आपल्या सांस्कृतिक इतिहासांत कुठे दिसत नाही. असो. आमच्या शेजारच्या चाचांनी कुवेतहून आणलेली स्पीकरची अशीच एक जोडी १९८४ साली माझ्या वडिलांनी विकत घेतली. आठ इंची कागदी वूफर, त्याला फोमची कडी. वर छोटा कागदी कोनाचाच ट्वीटर. आणि खालचे सूर ट्वीटरकडे जाऊ नयेत म्हणून त्याच्या वाटेवर एकच कंडेन्सर. स्वस्तातली, साधी मांडणी. वडील ज्ञानेश्वरी वाचीत. त्यांचे वाचन मी दोन कॅसेटींवर टिपून ठेवले होते. १९९८ साली ते गेले, आणि नंतर आई त्या कॅसेटी ठरावीक दिवशी त्याच स्पीकरांवर ऐकत असे.

२००४च्या सुमारास आवाज मंद, खोल गेल्यासारखा येऊ लागला. मला त्या काळी या विद्येची नवी नवी चटक लागली होती. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन रेशमी घुमटाचे दोन उंची ट्वीटर आणि परदेशी फिल्म कंडेन्सर आणले, रात्र जागून झाळले, जुने ट्वीटर आणि जुने कंडेन्सर केराच्या टोपलीत टाकले, आणि सकाळी मोठ्या ऐटीत आईला कॅसेट ऐकवली. तिने पाचेक मिनिटे ऐकले आणि विचारले, 'यांना पडसं झालं होतं का रे तेव्हा?'

मी तिला समजावू लागलो. वरच्या कंपनसंख्या आता कशा स्वच्छ येतात, पूर्वी ऐकू न येणारे कसे ऐकू येते, वगैरे. तिने ऐकून घेतले. पण त्यानंतर ती कॅसेट लावायला तिने मला सांगितले नाही.

चूक कुठे झाली हे कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि ती चूक भावनेची नव्हती, विजेची होती. नवा ट्वीटर जुन्यापेक्षा तेवढ्याच विजेत सुमारे तीन डेसिबलने मोठा वाजत होता. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती दिल्यासारखे. शिवाय जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो. ज्याने तो स्पीकर घडवला त्याने तो रोध धरूनच ट्वीटरची पातळी ठरवलेली असणार. फिल्म कंडेन्सरला असा रोध जवळजवळ नसतोच. म्हणजे 'चांगला' भाग घातल्यामुळे वरचे सूर दोन्ही बाजूंनी फुगले, आणि वडिलांच्या प्रत्येक 'स'ला नि 'श'ला धार आली. आई पडसे म्हणाली ते अगदी यथार्थ निदान होते. दोन-चार रुपयांचा एक रोधक मालिकेत जोडला असता तर निम्मे दुखणे तिथेच गेले असते. पण जुना ट्वीटर कचऱ्यात गेला होता, आणि तो परत मिळाला नाही. आजतागायत नाही.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आईच्या कानात बसलेला आवाज तरी 'मूळ' होता का? इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांत सुकत जातो. त्याचे मूल्य सरकते, रोध वाढतो. वीस वर्षांत ट्वीटर हळूहळू मंदावला होता. म्हणजे आई ज्याला वडिलांचा आवाज समजत होती तो १९८४चा नव्हे, म्हाताऱ्या होत गेलेल्या कंडेन्सरचा आवाज होता. मग आपण कोणत्या सालाचा आवाज परत आणायचा?

हा प्रश्न मराठी वाचकाला नवा वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर हेच होते: तीनशे वर्षे लोकांच्या तोंडी आणि लेखकूंच्या हाती रुळलेला पाठ एकीकडे, आणि मूळ ग्रंथकाराचा पाठ दुसरीकडे. त्यांनी आपल्या पदरच्या ओव्या घालून ग्रंथ 'सुधारला' नाही, आणि इतरांनीही तसे करू नये असे बजावले. एकनाथांना ओवी रचता येत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. येत होती, म्हणूनच त्या संयमाला किंमत आहे. पुढे पुण्यात भांडारकर संस्थेत वि. स. सुखठणकरांनी १९२५पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. व्यासांचा मूळ शब्द मिळवल्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येईल तितके जायचे, आणि गाळलेला मजकूर फेकायचा नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवायचा. ज्याला संपादकाचा निर्णय पटणार नाही त्याला तो तपासता आला पाहिजे. १९६६ साली ती आवृत्ती पुरी झाली, आणि आजही तिच्याशी भांडणारे तिच्याच तळटीपांच्या आधाराने भांडतात.

स्पीकरची डागडुजी करणाऱ्याला याहून अधिक शास्त्र नको. कंडेन्सर सुकला असेल तर बदलावा, पण बनवणाऱ्याने छापलेल्या मूल्याचा, त्याच जातीचा. दुसऱ्या जातीचा घातलाच तर त्याचा रोध भरून काढावा. कोणत्या अवस्थेकडे आपण जात आहोत हे ठरवावे आणि लिहून ठेवावे. आणि काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी मेलेला ट्वीटरसुद्धा, पुडीत बांधून खोक्यातच ठेवावा. पुतण्याने (आणि २००४ साली मी) जे केले ते क्षेपक रचण्याचे काम होते. क्षेपक रचणाऱ्यांच्याही मनात ग्रंथाविषयी भक्तीच असते, हे विसरू नये.

दुसऱ्या टोकाला सोवळे पाळणारे आहेत. त्यांच्या मते जुन्या स्पीकरला हातच लावू नये. कंडेन्सर बदलला की 'आत्मा गेला'. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत, कोरड्या कपाटांत, महिन्यातून एकदा वाजणाऱ्या जोड्यांना हे परवडते. आमच्याकडे नाही. महाडच्या आसमंतात चार महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेत फोमच्या कडीचे जे होते ते ज्याने पाहिले आहे तो असली सोवळी मते मांडणार नाही. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन; हवेतले पाणीच त्याच्या साखळ्या तोडते. तो न वाजवता ठेवला तरी कुजतो. बोट लावले की कुठे डिंकासारखा चिकट, कुठे विटकरीसारखी भुकटी. कडी गेली की कोन एका अंगाला कलतो, वेटोळे चुंबकाच्या भिंतीला घासू लागते, आणि आवाजात खरखर येते. तरी 'मूळ आहे, राहू द्या' म्हणत वाजवीत राहिले तर वेटोळ्यावरचे लाखाचे आवरण सोलवटून तार उघडी पडते आणि स्पीकर कायमचा जातो. इथे हात न लावणे म्हणजे मारणे. उलट, ज्या गरीब, जुन्या स्पीकरांना कागदाचीच चुणीदार कडी होती ते पन्नास-पन्नास वर्षे टिकलेले मी सवमध्येच पाहिले आहेत.

कडी बदलण्याचे काम दिसते तितके अवघड नाही, पण घाईचे नाही. जुना फोम स्पिरिटने ओला करून सोलून काढायचा, कोनाचा कागद न फाटू देता. मधली टोपी अलगद उघडायची आणि वेटोळे व चुंबकाचा मधला दांडा यांच्यामध्ये पातळ फिल्मच्या पट्ट्या चहूबाजूंनी सरकवायच्या, म्हणजे वेटोळे मधोमध बसते. नवी कडी आधी कोनाला, वाळल्यावर मग चौकटीला चिकटवायची. रात्रभर थांबून पट्ट्या काढायच्या आणि बोटांनी कोन हळूच दाबून पाहायचा: घासल्याचा आवाज आला तर पुन्हा पहिल्यापासून. मीटर लावला तर आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो. बिघाड समजून घाबरू नये, तो तसाच दाखवतो. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक धन टोकाला लावताच कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले नाहीत तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. महाडच्या एका कारागिराकडे मी हे शिकलो. त्याला थील-स्मॉल ही नावे ठाऊक नव्हती. पण नवी कडी जुनीपेक्षा ताठ असली तर 'बेस वर सरकतो' हे तो अंगठ्याने दाबून सांगत असे.

आता खरा वाद. फोम पुन्हा कुजणारच आहे, तर एकदाच रबराची कडी बसवून मोकळे का होऊ नये? महाडात मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'तुमची बोलती बंद केली' असा भाव असतो. रबर टिकते, हे खरे. पण ते फोमपेक्षा जड असते. हलता भार वाढला की कोनाची स्वाभाविक कंपनसंख्या बदलते, तेवढ्याच विजेत आवाज कमी निघतो, आणि वूफर व ट्वीटर यांचा जमलेला मेळ बिघडतो. ज्या स्पीकरला कारखान्यातच रबर होते त्याला रबर. ज्याला फोम होता त्याला फोमच. दहा-बारा वर्षांनी पुन्हा बदलावा लागेल? लागेल.

आणि इथेच या साऱ्या 'अपग्रेड'च्या मुळाशी असलेली वृत्ती उघडी पडते. अधिक चांगल्या आवाजाची तहान हे तिचे दर्शनी कारण आहे. आत दडलेली इच्छा वेगळी आहे. ती अशी की या वस्तूला पुन्हा कधी हात लावावा लागू नये. आमच्या वाडवडिलांना दर मे महिन्यात घर शाकारावे लागे. कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, वासे झटकायचे, पुन्हा रचायची. चार दिवसांचे काम, पण त्या चार दिवसांत घरातल्या माणसाला आपल्या छपराचा वासा न् वासा कळत असे. मग मुंबईच्या पैशाने स्लॅब आले. 'आता शाकारणीची कटकट नाही.' आज गावोगाव हिंडून पाहावे: पंधरा-वीस वर्षांत स्लॅब गळू लागले आणि प्रत्येक स्लॅबवर लोखंडी कैच्यांचा नि पत्र्याचा मांडव चढला आहे. कटकट गेली नाही. फक्त घर दुरुस्त करू शकणारा माणूस घरातून गेला. ब्लूटूथची पाटी बसवलेल्या त्या खोक्यांचे असेच होणार आहे. ती पाटी बंद पडेल तेव्हा तिच्यात बदलण्याजोगे काहीही नसेल आणि तशी पाटी बाजारातही नसेल.

२२ जुलै २०२१ला सावित्रीचे पाणी महाडात शिरले, तेव्हा नात्यातल्या एका घरी दोन प्रकारचे स्पीकर बुडाले. पाणी ओसरल्यावर मी तिथे गेलो. नवे होते त्यांची भुशाच्या पाट्यांची खोकी फुगून फुटली होती, आतल्या पाटीवर गाळाचा थर होता. ते रस्त्यावरच्या ढिगात गेले. जुन्या जोडीचे खोके प्लायवूडचे होते. ते आम्ही सावलीत महिनाभर वाळवले, वीज न लावता. एका वूफरच्या फटीत गाळ शिरून गंज धरला होता; ती फट जेमतेम मिलिमीटरभराची, तिथला गाळ निघत नाही, तो स्पीकर गेला. दुसरा मात्र नव्या कडीवर आजही चालतो. एकाची जोडी कुठून मिळणार? शोधतो आहोत. अशाच एखाद्या वूफरची जोडी पुतण्याने वजनावर विकली.

स्पीकर कोण जपून ठेवतो, हा शेवटी प्रश्न आहेच. ध्वनिमुद्रिका जपल्या गेल्या. १९९०मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली, आणि हौशी संग्राहकांनी तबकड्या, सूच्या, लेबले यांवर संशोधकाच्या निष्ठेने लिहिले. पण त्या तबकड्या आणि पुढे कॅसेटी आपल्या घरांत ज्या कंठातून ऐकल्या गेल्या त्यांची कोणी यादीही केली नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी झाईरमधल्या यादवीमुळे कोबाल्ट महागला आणि कारखान्यांनी अल्निकोचे चुंबक सोडून फेराइटचे धरले. त्याआधीचे अल्निकोचे स्पीकर तर भंगारवाला धातूच्या मोलासाठी शोधतच असतो. विकणाऱ्याला पाठीमागची चकती पाहून काय विकतो आहोत हेही माहीत नसते.

आमची जोडी गेल्या मे महिन्यात मी दुसऱ्यांदा उघडली. फोम पुन्हा गेला होता, पुन्हा बदलला. कंडेन्सर मूळ मूल्याचे इलेक्ट्रोलिटिकच घातले, रेशमी ट्वीटरच्या वाटेवर रोधक बसवला. आई आता ऐकायला नाही. उजव्या खोक्याच्या आत, मागच्या फळीवर, मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारखा आहेत, काय काढले आणि काय घातले त्याची मूल्ये आहेत, काढलेले भाग कोणत्या पुडीत आहेत ते आहे. ट्वीटरच्या ओळीत एवढेच लिहिले आहे: मूळ भाग नाही, २००४ साली मी फेकला.